ईयूव्ही स्रोताचा उजेड पुन्हा पुन्हा उतरतोय? लेसरआधी थेंब तपासा

तक्रार साधारण अशी असते: सकाळी ईयूव्हीचा (चिप छापायला लागणाऱ्या एक्स्ट्रीम अल्ट्राव्हायोलेट प्रकाशाचा) स्रोत सुरू केला, १३.५ नॅनोमीटर तरंगलांबीचा उजेड ठरल्याप्रमाणे मिळाला. तासाभरात आकडा उतरायला लागला. कोणीतरी लेसर सोडण्याचं टायमिंग थोडं हलवलं, आकडा वर आला, सगळे आपापल्या कामाला लागले. तासाभरानं पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशीही तेच. मग लेसरची ताकद जरा वाढवली जाते, आणि इथूनच खरा घोळ सुरू होतो.

आमच्या चाचणी मांडणीवर या दुखण्यानं तीन आठवडे खाल्ले. त्यातले अडीच आठवडे आम्ही चुकीच्या टोकाला होतो. कथिलाच्या थेंबावर लेसर मारून ईयूव्ही तयार करणाऱ्या कुठल्याही स्रोताला, लहान असो वा मोठा, हे लागू पडेल. झेनॉन वायूच्या डिस्चार्ज स्रोतांची दुखणी वेगळी, ती इथे घेत नाही.

लेसर वाढवणं वाईट का, हे आधी सांगतो. आपल्याला हवा असलेला उजेड कथिलाच्या ८ ते १४ इलेक्ट्रॉन गमावलेल्या आयनांमधून येतो. लेसरनं थेंबाचा जो तप्त, विद्युतभारित वायू होतो, त्या प्लाझ्माचं तापमान काही लाख अंशांच्या एका पट्ट्यात असलं की हे आयन भरपूर असतात. त्यापुढे तापवलं की आयनांचा विद्युतभार वाढत जातो आणि उजेड १३.५ च्या भोवतालच्या २ टक्के पट्ट्यातून निसटतो. मॉलिब्डेनम-सिलिकॉनचे आरसे तेवढाच पट्टा परतवतात, बाकीचा उजेड आपल्या दृष्टीनं नुसती उष्णता. म्हणजे ताकद वाढवून उजेड त्या प्रमाणात वाढत नाहीच, वर वेगवान आयन जास्त सुटतात आणि कलेक्टरचं, म्हणजे उजेड गोळा करणाऱ्या आरशाचं, आयुष्य खातात. मुळात थेंब निशाणावर नसेल तर मोठा हातोडा घेऊन उपयोग काय?

पहिला प्रश्न: उजेड जन्मत नाही, की पोचत नाही?

याचं उत्तर मिळेपर्यंत कशालाही हात लावू नका. चेंबरच्या भिंतीवरचे ईयूव्ही सेन्सर प्लाझ्माकडे थेट बघतात, त्यांच्यामध्ये कलेक्टर येत नाही. इंटरमीडिएट फोकसपाशी, म्हणजे कलेक्टर उजेड जिथे एकवटतो तिथे, मोजलेली ताकद मात्र कलेक्टरवरून परतून आलेली असते. दोन्ही आकडे एकाच वेळपट्टीवर मांडा.

भिंतीचे सेन्सर स्थिर आणि फोकसचा आकडा खाली, तर उजेड जन्मतोय पण पोचत नाही. कलेक्टर, किंवा वाटेतला वायू. दोन्ही एकत्र खाली येत असतील तर गडबड प्लाझ्मातच आहे, म्हणजे थेंब, लेसर किंवा त्या दोघांची भेट. भिंतीवरचा एकच सेन्सर खाली आणि बाकीचे जागेवर, तर बहुधा त्या सेन्सरच्या फिल्टरवर कथील बसलंय. आम्ही एकदा असल्या सेन्सरच्या नादी लागून अख्खा दिवस घालवला आहे. आणि एका बाजूचा सेन्सर वर, समोरचा खाली असं दिसलं तर थेंब चपटा होताना तिरका होतोय, हे जवळपास नक्की धरा.

शेवटचा मुद्दा जरा उलगडतो. थेंबावर दोन पल्स पडतात. पहिला, हलका प्री-पल्स थेंबाला ठोकून पापडासारखा चपटा करतो. साधारण २७ मायक्रॉनचा गोळा काही मायक्रोसेकंदांत तीनशेहून जास्त मायक्रॉन रुंदीची चकती होतो. मग मुख्य पल्स त्या चकतीला पेटवतो. प्री-पल्स थेंबाच्या बरोबर मध्यावर बसला तर चकती मुख्य किरणाला तोंड देऊन उभी राहते. तो जरा वर-खाली बसला तर चकती कलते, शिवाय बाजूला सरकते. मुख्य पल्सचा काही भाग मग रिकाम्या जागेतून निघून जातो.

दुसरी सवय: सरासरी बघू नका. वेफरवरच्या (चिप जिच्यावर छापतात त्या सिलिकॉनच्या चकतीवरच्या) एका बिंदूला उजेड असंख्य पल्समधून मिळतो, त्यामुळे मधले दहा-वीस फुकट गेले तरी डोसचं, म्हणजे त्या बिंदूला मिळणाऱ्या एकूण उजेडाचं, नियंत्रण पुढच्या पल्सची ऊर्जा वाढवून भरपाई करतं. दुखणं तिथे झाकलं जातं. राखीव ऊर्जा संपते त्या दिवशी आकडा एकदम कोसळतो, आणि सगळे त्या दिवशी काय बदललं ते शोधत बसतात. बदल महिन्यापूर्वीच झालेला असतो. म्हणून नोंद पल्सगणिक ठेवा, आणि शोध चालू असताना डोसची भरपाई बंद करा.

आलेखाचा आकार काय सांगतो

हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. उतरण किती आहे यापेक्षा ती कशी दिसते ते बघा.

गोलसर, लाटेसारखी चढउतार असेल तर कुठेतरी तापमानाचं चक्र आहे. चिलर, हीटर, थंड पाण्याचा प्रवाह. एका दिशेनं दिवसेंदिवस घसरण असेल तर काहीतरी साचतंय किंवा झिजतंय. सुट्या, अनियमित खाचा म्हणजे थेंब चुकताहेत. आणि करवतीच्या दातासारखा आकार, हळूहळू उतार आणि मग एका झटक्यात मूळपदावर, म्हणजे काहीतरी हळूहळू रिकामं होतंय आणि एकदम भरतंय.

आमचा आलेख करवतीचा होता, साधारण ४० मिनिटांचा एक दात. पण लेसरच्या चिलरचं चक्रही जवळपास तेवढंच. त्यामुळे सगळ्यांची बोटं चिलरकडे. आमच्या तंत्रज्ञानं चिलरचा पंप बदलला, पाण्याचा वाल्व बदलला, शेवटी पाण्याचं तापमान अर्ध्या अंशाच्या आत बांधून ठेवलं. दात तसाच.

गोंधळात टाकणारी गोष्ट दुसरीच होती. टायमिंग नव्यानं लावलं की दाताची दिशा कधीकधी उलटायची. आधी उजेड हळूहळू उतरून झटक्यात वर जायचा. दुपारी नव्यानं जुळवणी केली की तो हळूहळू चढायचा आणि झटक्यात खाली पडायचा. दोन वेगवेगळे बिघाड आहेत असं आम्ही चक्क वहीत लिहून ठेवलं होतं.

थेंबाचा हिशेब

इथे कागद-पेन्सिल घेऊन बसावं लागतं, पण गणित शाळेतलंच आहे. आकडे मोठ्या स्रोतांना साजेसे घेतो, आमच्या मांडणीत थेंबांची चाल जवळपास हीच. तुमचे आकडे वेगळे असतील तर ते घाला.

सेकंदाला ५०,००० थेंब, प्रत्येक २७ मायक्रॉन व्यासाचा, वेग सेकंदाला ८० मीटर. म्हणजे ताशी २८८ किलोमीटर. दोन थेंबांमधलं अंतर १.६ मिलिमीटर. थेंबाला स्वतःच्या व्यासाएवढं पुढे सरकायला ०.३४ मायक्रोसेकंद लागतात. हा आकडा भिंतीवर लिहून ठेवा. टायमिंगमध्ये मायक्रोसेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी चूक झाली की तुम्ही एक अख्खा थेंब चुकलात.

लेसर कधी सोडायचा हे कसं ठरतं? प्लाझ्माच्या जागेच्या थोडं आधी लेसर-प्रकाशाचा एक पातळ पडदा असतो. थेंब तो ओलांडताना चमकतो, सेन्सर ती चमक पकडतो, आणि ठरलेल्या विलंबानंतर प्री-पल्स सुटतो. आमचा पडदा ५ मिलिमीटर आधी होता. ८० मीटरच्या वेगानं ते अंतर कापायला ६२.५ मायक्रोसेकंद. हा विलंब आम्ही हातानं लावून ठेवलेला. वेग बदलणार नाही, असं न बोलता गृहीत धरलेलं.

वेग येतो कुठून? वितळलेल्या कथिलाच्या टाकीवर आर्गॉन वायूचा दाब असतो, त्यानं कथील नोझलमधून बाहेर ढकललं जातं. ८० मीटर वेगासाठी नुसत्या गणितानं २२० बारच्या वर दाब लागतो, घर्षण धरून त्याहून जास्तच. वेग दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. दाब १ टक्का पडला तर वेग अर्धा टक्का पडतो. ६२.५ मायक्रोसेकंदांचा अर्धा टक्का म्हणजे ०.३१ मायक्रोसेकंद. अंतरात सांगायचं तर २५ मायक्रॉन. जवळपास एक थेंब!

प्री-पल्सचा ठिपका थेंबापेक्षा मोठा असतो, त्यामुळे तो पूर्ण चुकत नाही, एका कडेला बसतो. चकती कलते, सरकते, उजेड उतरतो. स्क्रीनवर कुठलाही लाल दिवा लागत नाही, कारण प्रत्येक उपकरण आपापल्या परीनं ठीकच असतं.

आता कथिलाचा खर्च. एका थेंबात सुमारे ७२ नॅनोग्रॅम कथील. सेकंदाला ३.६ मिलिग्रॅम, तासाला १३ ग्रॅम, म्हणजे द्रव कथिलाचे १.९ घनसेंटीमीटर. टाकीत तेवढी जागा रिकामी होते आणि वरचा आर्गॉन पसरतो. आमच्या टाकीवर वायूची जागा होती अंदाजे १२५ घनसेंटीमीटर. ४० मिनिटांत १.२५ घनसेंटीमीटर कथील गेलं, वायू १ टक्का पसरला, दाब १ टक्का पडला.

हे कागदावर उतरलं तेव्हा खोलीत कोणी काही बोललं नाही. रेग्युलेटरनं दाब सतत भरत राहायला हवा होता. आमच्या रेग्युलेटरची सीट (आतली झडप बसते ती जागा) चिकटत होती. दाब १ टक्का पडेपर्यंत तो ढिम्म, मग खट्‌कन उघडून भरपाई. करवतीचा दात तो हाच.

दात उलटा का व्हायचा, हेही लगेच कळलं. दाब नुकताच भरलेला असताना टायमिंग लावलं, तर दाब पडत जाईल तसा उजेड उतरणार आणि भरल्यावर झटक्यात सुधारणार. दाब तळाला असताना टायमिंग लावलं, तर भरताक्षणी बिघडणार आणि पडत जाईल तसा सुधारणार. बिघाड एकच, फक्त आम्ही चक्राच्या कुठल्या टोकाला जुळवणी केली यावर त्याचं तोंड ठरत होतं. म्हणून तर दर वेळी जुळवणी करून बरं वाटायचं.

दाबमापक काय करत होता? तो काटा फिरणारा, ० ते ४०० बारचा. १ टक्का म्हणजे सव्वादोन बार, त्याच्या एका रेघेपेक्षाही कमी. काटा आपल्या जागी शांत बसलेला दिसायचा. त्याला दोष कसा द्यायचा, तो मोठे फरक दाखवण्यासाठीच केलेला असतो.

उपाय तीन केले, पण खरं काम शेवटच्यानं केलं. एक, रेग्युलेटर बदलला. दोन, त्या दाबाला मान्यता असलेली राखीव बाटली वायूच्या वाटेवर जोडली, म्हणजे तेवढंच कथील गेलं तरी दाबाचा टक्का कमी पडतो. तीन, पहिल्या पडद्याच्या आधी ठरलेल्या अंतरावर दुसरा पडदा बसवला. दोन चमकांमधल्या वेळावरून प्रत्येक थेंबाचा वेग काढायचा आणि त्या थेंबापुरता विलंब मोजून द्यायचा. यानंतर दाब हलला तरी लेसर थेंबाला शोधून काढतो. पैसे आणि वेळ एकाच उपायापुरते असतील तर हा करा. रेग्युलेटर पुन्हा कधीतरी चिकटणारच आहे.

दुसरा पडदा बसवायच्या आधी फुकटात करायची एक चाचणी आहे. टायमिंगचा विलंब ०.१ मायक्रोसेकंदांच्या पायऱ्यांनी मागेपुढे करून उजेड कुठे सर्वांत जास्त मिळतो ते दर पाच मिनिटांनी नोंदवा. तो शिखरबिंदू जागेवर राहत असेल तर थेंबाचा वेग निर्दोष. तो सरकत असेल, तर उजेडाचा आकडा विसरा आणि त्या सरकण्याचा आलेख काढा. आमचा काढला असता तर पहिल्याच दिवशी काम झालं असतं.

पिल्लं

आमच्याकडे उपथेंबांना, म्हणजे मोठ्या थेंबात न मिसळता सुट्या राहिलेल्या बारीक थेंबांना, पिल्लं म्हणतात, म्हणून तोच शब्द वापरतो. अनियमित खाचांचं हे सगळ्यांत नेहमीचं कारण.

२७ मायक्रॉनचा थेंब नोझलमधून तसाच्या तसा पडत नाही. वरच्या आकड्यांवरून उलटं गणित करा: एवढं कथील ८० मीटरच्या वेगानं जायला धार फक्त ३ मायक्रॉन जाडीची लागते. अशी धार आपोआप फुटते ती साडेपाच मायक्रॉनच्या आसपासच्या बारीक थेंबांत, सेकंदाला साठ लाखांच्या घरात. पायझो स्फटिक (वीज दिली की थरथरणारा) नोझलला असा कंप देतो की या बारीक थेंबांचे वेग किंचित वेगळे राहतात, मागचे पुढच्यांना गाठतात, आणि असे सव्वाशेच्या आसपास एकत्र येऊन एक मोठा थेंब बनतो. हे मीलन पडद्याच्या बरंच आधी पूर्ण व्हायला हवं.

पायझोला दिलेल्या लहरीचा आकार जरा बिघडला, नोझलचं तापमान किंवा दाब बदलला, की मीलन लांबतं. एखाददुसरं पिल्लू मोठ्या थेंबाच्या पुढेमागे रेंगाळत पडद्यापाशी येतं. सेन्सरला पिल्लू आणि थेंब यांतला फरक कळत नाही. पुढचं पिल्लू चमकलं की तो लेसर सोडण्याची वेळ मोजायला लागतो, आणि लेसर खऱ्या थेंबाच्या आधीच सुटतो. पल्स वाया, थेंब न पेटता तसाच पुढे कॅचरमध्ये, म्हणजे उरलेलं कथील झेलणाऱ्या भांड्यात.

ओळखायचं कसं? ट्रिगरच्या लागोपाठच्या दोन वेळांमधलं अंतर घ्या आणि त्याचा हिस्टोग्राम (कुठलं अंतर किती वेळा आलं याचा आलेख) काढा. ५० किलोहर्ट्‌झला एकच टोकदार शिखर हवं, २० मायक्रोसेकंदांवर. शेजारी एक-दोन मायक्रोसेकंद अलीकडे छोटं शिखर आणि पलीकडे त्याची जोडी दिसली, तर पिल्लं आहेत. नुसत्या डोळ्यांनी कॅमेऱ्यावर बघून "थेंब छान दिसताहेत" म्हणू नका. स्ट्रोबची (लुकलुकत्या उजेडात घेतलेली) चित्रं बरेच थेंब एकावर एक दाखवतात, हजारात एक पिल्लू त्यात पुसलं जातं.

उपाय पायझोची लहर नव्यानं जुळवण्याचा. नोझल बसवताना एकदा जुळवली आणि वर्षभर तीच चालवली, असं करू नका, कारण नोझलचा स्वभाव वापरात बदलतो. ट्रिगरच्या सेन्सरची उंबरठा-पातळी वाढवून पिल्लांकडे दुर्लक्ष करता येतं, आणि बरेच जण तेवढ्यावर थांबतात. मला ते पटत नाही. पिल्लं तशीच राहतात, फक्त दिसेनाशी होतात, आणि ती न पेटलेली पिल्लं चेंबरमध्ये कुठे जाऊन बसतील याची खात्री नाही.

धार वाकडी होणं

थेंबांची धार एकाच बाजूला सरकत असेल, आणि तिला जागेवर ठेवणाऱ्या मोटरची दुरुस्ती रोज त्याच दिशेला वाढत असेल, तर नोझलच्या तोंडाशी कण अडकलाय. बहुतेक वेळा तो कथिलाच्या ऑक्साइडचा असतो. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं, पण त्याचं ऑक्साइड वितळायला १६०० अंशांच्या वर जावं लागतं. तापमान वाढवून तो कण विरघळेल ही आशा सोडा. फिल्टर, शुद्ध कथील, आणि भरताना हवेचा संपर्क नाही: एवढंच हातात असतं. मोटरची मर्यादा गाठेपर्यंत वाट बघू नका, कल दिसला की नोझल बदलायची तारीख ठरवा.

एक सावधगिरी. बदलण्यासाठी थेंबयंत्र थंड करताना घाई नको. गोठताना कथील आकसतं, आणि नोझलची काचेची केशनळी ते सहन करेलच असं नाही. उत्पादकानं दिलेला क्रम आणि वेग पाळा.

उजेड जन्मतोय, पण पोचत नाही

भिंतीचे सेन्सर स्थिर असतील तर मोर्चा कलेक्टरकडे. कथिलाचा अवघा १ नॅनोमीटर जाडीचा थर आरशावर बसला तरी उजेड जाताना एकदा आणि परतताना एकदा त्यातून जातो आणि एक दशांशाहून जास्त गमावतो. दिवसाला तीनशे ग्रॅमच्या वर कथील जिथे उडतंय, तिथे हा आरसा एवढा स्वच्छ राहतो हेच नवल.

ते नवल हायड्रोजनचं. चेंबरमध्ये सुमारे १०० पास्कल दाबाचा हायड्रोजन वाहता असतो. तो वेगवान आयनांना अडवतो, ईयूव्ही फारसं शोषत नाही, आणि प्लाझ्मामुळे सुटे झालेले हायड्रोजनचे अणू बसलेल्या कथिलाशी जुळून त्याचा स्टॅनेन वायू करतात, जो पंपानं बाहेर जातो. गोम अशी की स्टॅनेन टिकाऊ नाही. वाटेत उबदार पृष्ठभाग भेटला की तो पुन्हा कथील होऊन तिथेच बसतो. म्हणून कलेक्टर थंड ठेवायचा आणि वायूचा प्रवाह आरशापासून दूर जाणारा हवा.

स्वच्छ करूनही त्याच गतीनं पुन्हा उतरण होत असेल तर डागांचं रूप बघा. सगळीकडे सारखी धुरकट झाक असेल तर हायड्रोजनचा प्रवाह कमी पडतोय किंवा आयन अडत नाहीत. ठिपके-ठिपके असतील तर चेंबरमधलं साचलेलं द्रव कथील थुंकतंय. हे थुंकणं अक्षरशः घडतं: हायड्रोजन प्लाझ्मातून वायू वितळलेल्या कथिलात शिरतो, बुडबुडे होतात, फुटताना बारीक शिंतोडे उडवतात. अशा वेळी कलेक्टर कितीही घासा, आधी कथील साचण्याची जागा शोधा, ती आरशाच्या दृष्टिपथातून हटवा.

हवेची बारीक गळतीही हेच रूप घेऊन येते. उर्वरित वायूंच्या विश्लेषकावर १८, २८ आणि ३२ वस्तुमानांच्या (पाणी, नायट्रोजन, ऑक्सिजन) शिखरांवर नजर ठेवा. ऑक्सिजन आणि पाण्याची वाफ आत आली की कथिलाचं ऑक्साइड होतं आणि हायड्रोजनला ते सहज निघत नाही. गळती शोधताना हायड्रोजनचं भान असू द्या. हवेत ४ ते ७५ टक्के हायड्रोजन पेट घेऊ शकतो, आणि स्टॅनेन विषारी आहे. बाहेर जाणारा वायू निर्धोक करणारी यंत्रणा चालू असल्याची खात्री केल्याशिवाय झाकणाला हात नाही.

लेसर, शेवटी

थेंबांचा हिस्टोग्राम स्वच्छ, टायमिंगचं शिखर जागेवर, चकती सरळ, आणि तरी सगळे सेन्सर एकत्र खाली. मग लेसर. लेसरमधून बाहेर पडणारी ताकद ठीक दिसली म्हणून निश्चिंत होऊ नका, चेंबरपर्यंतच्या शेवटच्या लेन्सनंतर किती उरते ते मोजा. शेवटच्या खिडकीवर किंवा लेन्सवर कथील बसलं की ती तापते, आणि तापली की फोकस सरकतो. सुरू केल्यावर पहिली काही मिनिटं छान आणि मग उजेड बसतो, ही त्याची खूण. मुख्य लेसर कार्बन डायऑक्साइडचा असेल तर किरण डोळ्यांना दिसत नाही, तेव्हा जुळवणीच्या वेळी संरक्षणाच्या बाबतीत धाडस नको.

एक फसवा प्रकार वेगळा सांगतो, कारण तो बिघाड नसतोच. स्रोत सलग न चालता झटक्याझटक्यानं चालत असेल, तर प्रत्येक झटक्याचे पहिले काही पल्स वेगळेच वागतात. पेटलेल्या प्रत्येक थेंबाचा प्लाझ्मा १.६ मिलिमीटर मागच्या थेंबाला धक्का देतो. सलग चालताना हा धक्का सारखाच मिळत राहतो आणि जुळवणीत धरला जातो. झटक्याच्या सुरुवातीच्या पहिल्या थेंबाला पुढे कोणीच पेटलेलं नसतं, धक्का नाही, म्हणून तो जुळवणीपेक्षा जरा पुढे असतो. पल्सगणिक नोंद असेल तर हे सरळ दिसतं. त्यासाठी नियंत्रकाला सुरुवातीच्या पल्सची वेगळी दुरुस्ती द्यावी लागते. लेसर वाढवून यातलं काहीही सुटत नाही.

दुरुस्तीनंतर

दुसरा पडदा बसवून आम्ही स्रोत सहा तास सलग चालवला, डोसची भरपाई बंद ठेवून. करवतीचे दात गेले. दाब अजूनही थोडा हलत होता, पण उजेडाच्या रेषेला त्याचं काही पडलेलं नव्हतं. कलेक्टरचं नुकसान मात्र झालेलं होतं. अडीच आठवडे वाढवून ठेवलेल्या लेसरची ती किंमत, ती कुठल्याच टायमिंगनं परत मिळाली नाही.

आणि रेषा सपाट झाल्यावर तिच्यात एक बारीक, गोलसर लाट दिसायला लागली, आधीच्या दाताच्या दहाव्या हिश्शाएवढी. चक्र मोजलं तर चिलरचं. म्हणजे आमचा तंत्रज्ञ अगदीच चुकलेला नव्हता, लाट पहिल्यापासून तिथे होती, दातांखाली दबलेली. तो आता रोज सकाळी तो आलेख उघडून दाखवतो. चिलरला अजून कोणी हात लावलेला नाही.